भोगावती, तीन शिट्ट्या

आमच्या शाळेत एखादं काम 'स्वेच्छेने' करायचं ठरलं, की शिक्षकांच्या खोलीतली सगळी डोकी एकाच वेळी वह्यांत जातात, आणि ज्याची वही घरी राहिलेली असते त्याच्या गळ्यात ते काम पडतं. माझी वही कायम घरी असते. त्यामुळे वृक्षारोपणाचे खड्डे, खिचडीचा हिशेब, मतदार याद्या आणि स्नेहसंमेलनात ऐन वेळी कमी पडलेलं वडाचं झाड अशी नाना कामं मी आजवर स्वेच्छेने केलेली आहेत. त्यातल्या झाडाचं काम लोकांना आवडलं होतं.

तर यंदा माजी विद्यार्थ्यांनी शाळेला एक टीव्हीएवढा स्पर्शपटल भेट दिला. त्याला सगळे 'पॅनेल' म्हणतात. तो भिंतीवर चढल्यापासून त्यावर एकच गोष्ट झळकायची, ती म्हणजे 'सुस्वागतम्', आणि तीही पाहुणे येऊन गेल्यावर. मुख्याध्यापकांना हे बघवेना. मुलांना अभ्यासात रस वाटत नाही, जांभया देतात, तेव्हा बोट लावलं की बोलणारं, हलणारं, प्रश्न विचारणारं असं एक डिजिटल पुस्तक शाळेनं स्वतःच तयार करावं, असं त्यांनी जाहीर केलं. 'इंटरॅक्टिव्ह!' असं म्हणून त्यांनी टेबलावर बोट आपटलं. टेबलावरचा चहा तेवढा इंटरॅक्टिव्ह झाला.

मग भाषणात परितेवाडी आली. ती येणारच होती. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी 2009 साली रुजू झाले, तेव्हा शाळेच्या एका अंगाला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या अंगाला अडगळीची खोली होती. तिथं बसून या माणसानं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले, कोडांमागे कविता, गोष्टी, व्हिडिओ, गृहपाठ ठेवले, आणि 2020 च्या डिसेंबरात दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवून त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटूनही टाकली. 'सोलापूर जिल्ह्याला जमतं ते कोल्हापूरला का जमू नये?' मुख्याध्यापकांनी विचारलं. कोल्हापुरात हा प्रश्न विचारून झाला की पुढं चर्चा होत नाही, थेट कामाला लागतात. मी एवढंच म्हणालो, की सर, आपल्याकडं गोठा नाही, चालेल का? त्यांनी शिक्षकांच्या खोलीवरून एकदा शांतपणे नजर फिरवली आणि म्हणाले, 'चालेल.'

आता माझी पात्रता सांगायला हवी. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याजवळ तो चौकोनी काळापांढरा ठसा यायला लागला आणि 2017 च्या शिक्षकदिनी केंद्र सरकारनं दीक्षा हे अभ्यासाचं व्यासपीठ सुरू केलं, तेव्हा वर्गात मोबाईल काढून कोड कसा वाचायचा हे दाखवणारा आमच्या शाळेतला पहिला शिक्षक मीच. फक्त मी दीक्षा उघडण्याऐवजी पैसे पाठवायचं ॲप उघडलं होतं. त्या धड्यावर मोबाईल धरून मी घामाघूम होईतोवर उभा होतो आणि ॲप पुन्हा पुन्हा सांगत होतं, की हा कोड पैसे घेण्याच्या लायकीचा नाही. 'उधारी ठेवा, सर,' शेवटच्या बाकावरून सल्ला आला.

विषय निवडायचं स्वातंत्र्य मला होतं. मी पंचगंगा निवडली. म्हटलं, कोल्हापूरच्या मास्तरला पंचगंगा येत नसेल तर त्यानं घाटावर जाऊन बसावं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीचा संगम. राधानगरीचं धरण, जे शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलं. त्याचे ते सात स्वयंचलित दरवाजे, जे तलाव भरला की कुणी हात न लावता आपले आपण उघडतात. मग राजाराम बंधारा, तिथली 39 फुटांची इशारा पातळी, 43 फुटांची धोका पातळी. आणि शेवटी नृसिंहवाडीला कृष्णेची भेट. एवढं भांडवल हाताशी असताना पुस्तक रटाळ करून दाखवायला प्रतिभा लागते. ती माझ्याकडं आहे.

पुण्याला माझा भाचा असतो, हिंजवडीत. तो फोनवर म्हणाला, 'मामा, सोप्पंय. ईपब थ्री करा.' हिंजवडीतल्या माणसाला सोपं वाटणारी गोष्ट आणि मी यांच्यामध्ये खंबाटकी, पसरणी आणि कुंभार्ली असे सगळे घाट एकापाठोपाठ लागतात. त्यानं समजावलं, की पीडीएफ म्हणजे पानाचा नुसता फोटो, आणि ईपब म्हणजे वेबसाईटची पानं एका गाठोड्यात बांधलेली. पडदा लहान असो की मोठा, मजकूर आपापला पसरतो, आणि तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात आवाज, चित्रफीत, हलणारी चित्रं, दाबायची बटणं सगळं बसतं. 'आणि ते सगळीकडं चालतं?' मी विचारलं. 'सगळीकडं म्हणजे...' असं म्हणून तो थोडा थांबला. संगणकवाले थांबले की समजावं, आपला रविवार गेला.

मी सगळा मजकूर टाईप केला. माझं टायपिंग चांगलं आहे. शाळेच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं मीच करतो, आणि त्याच फॉन्टात करतो. ते पुस्तक पॅनेलवर उघडलं तेव्हा 'भोगावती'च्या जागी दोन कंस, एक डॉलरचं चिन्ह आणि पाचसात रोमन अक्षरं आली. भाच्यानं सांगितलं, की मामा, तुमच्या जुन्या फॉन्टात मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षरावर मराठीचा मुखवटा चढवलेला असतो, आणि जिथं तो फॉन्ट नाही तिथं मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. म्हणजे मी इतकी वर्षं मराठीचा शिक्षक म्हणून जे काही टाईप करत होतो ते इंग्रजी होतं. आमच्या हिला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'तरीच.' तिनं यापलीकडं खुलासा केला नाही आणि मी विचारला नाही.

मग रूपांतर करणारं एक यंत्र इंटरनेटवर सापडलं. त्यात जुना मजकूर घातला की नवा बाहेर येतो. आला. पण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप करायची असते आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर, तो बदल करताना यंत्राची गल्लत झाली आणि सगळ्या वेलांट्या एक घर पुढं सरकून शेजारणीकडं जाऊन बसल्या. प्रयाग चिखलीचं 'प्रयाग चखिली' झालं. मी रात्री जागून एकेक वेलांटी परत माहेरी आणली, पण संगमाच्या मोठ्या चित्रावरची तेवढी राहिली, आणि आमच्या सातवी ब मध्ये ते गाव अजून त्याच नावानं ओळखलं जातं. चिखलीहून येणाऱ्या एका पोराला तर वर्ग 'चख्या' म्हणतो. तो माझ्याकडं ज्या नजरेनं बघतो ती नजर मी टाळतो.

नंतरच्या खेपेला पुस्तक उघडलं तर सगळी पानं कोरी. वर पानाचा क्रमांक, खाली पांढरंशुभ्र. मुख्याध्यापकांना तोंड कसं दाखवायचं या विचारात मी होतो, पण ते चष्मा लावून बराच वेळ त्या कोऱ्या पानांकडं बघत राहिले आणि म्हणाले, 'हे धोरणानुसार आहे का?' तुम्हाला आठवत असेल, 2023 साली बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांना जोडून वहीची कोरी पानं घातली होती, मुलांनी टिपणं काढावीत म्हणून. पुढं 2025 मध्ये ती काढून टाकायचं ठरलं. मी हो म्हणून टाकलं. आयुष्यात शासननिर्णय माझ्या मदतीला आला तो एवढाच.

आता आवाज. मजकूर वाचून दाखवायला यंत्रातला तयार आवाज होता, पण तो हिंदी निघाला. तो 'तुळशी नदी'ला 'तुलसी नदी' म्हणाला, 'पातळी'ला 'पातली', आणि हे ऐकून आमच्या हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, की कोण पातली? म्हणून मी स्वतःच ध्वनिमुद्रण करायचं ठरवलं. झोपायच्या खोलीत पंखा आवाज करतो, बाहेरच्या खोलीत रस्ता आवाज करतो, तेव्हा त्यातल्या त्यात शांत म्हणून स्वयंपाकघर. वेळ संध्याकाळची. मी ओट्याशी उभा राहून, मोबाईल पोह्याच्या डब्यावर टेकवून, आकाशवाणीवरच्या निवेदकाच्या थाटात 'भोगावती ही पंचगंगेची प्रमुख उपनदी होय' असं सुरू केलं. शेजारी कुकर होता. तो डाळीचा होता. मी नदीच्या उगमापासून धरणापर्यंत आलो तोवर एक शिट्टी झाली, धरणाला दुसरी, आणि दरवाजे आपोआप उघडतात या वाक्याला तिसरी. पाठोपाठ बाल्कनीतून हिचा आवाज, 'अहो, तीन झाल्या! गॅस बंद करा की!'

हिचा आवाज असलेला तुकडा मी कापला. कापला म्हणजे बाजूला ठेवला, कारण भाच्यानं बजावलं होतं, की मामा, फोल्डरमधलं काही डिलीट करू नका, तुम्ही काय उडवाल सांगता येत नाही. शिट्ट्या मात्र माझ्या बोलण्यात इतक्या मिसळल्या होत्या, की त्या काढायच्या तर धरण काढावं लागलं असतं. राहू दिल्या. स्वतःचा आवाज मुद्रित झालेला पुन्हा ऐकायचं धाडस माझ्यात नाही, म्हणून बाकीच्या तुकड्यांत काय काय आहे हे मला वर्गाबरोबरच कळलं. कासारीवर भंगारवाला जातो. कुंभीला कुणीतरी शिंकतं. तो मीच.

पहिल्या तासाला वर्गात जे झालं ते जरा बैजवार सांगतो. मुलं पॅनेलसमोर कोंडाळं करून बसली होती. मी म्हणालो, भोगावतीवर बोट ठेवा. एका मुलीनं ठेवलं. माझा भारदस्त आवाज आला, मग पहिली शिट्टी. वर्ग सावध झाला. दुसऱ्या शिट्टीला दोघेतिघे उठून उभे राहिले. तिसरीला सगळा वर्ग एका सुरात ओरडला, 'गॅस!' मुलांना रस वाटावा ही शाळेची अपेक्षा होती आणि तो वाटला हे कबूल करावं लागेल. त्या तासात भोगावती इतक्या वेळा दाबली गेली, की डाळीचं पिठलं झालं असतं. पुढं घटक चाचणीत 'भोगावती नदीची वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाला एकानं सरळ लिहिलं, की या नदीवर धरण आहे, धरणाला सात दरवाजे आहेत व तीन शिट्ट्या होतात. धरण आणि दरवाजे बरोबर होते. मी गुण कापले नाहीत. कुठल्या तोंडानं कापणार?

त्या दरवाजांचंही ऐका. राधानगरीचे खरे दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. माझ्या पुस्तकातले दाबूनही उघडेनात. मुलांनी बोटानं दाबलं, अंगठ्यानं दाबलं, एकानं कोपरानं दाबलं. भाचा फोनवर म्हणाला, की ईपबमधली ही हलणारी करामत काही वाचक-ॲप चालवतात, काही चालवत नाहीत. 'सगळीकडं म्हणजे...' च्या पुढं त्याला हेच म्हणायचं होतं. एवढ्यात एका चिकित्सक मुलीनं विचारलं, 'सर, चार नद्यांना बटण हाय, सरस्वतीला कुठाय?' खरी गोष्ट अशी, की सरस्वतीचं बटण करायचं राहूनच गेलं होतं. पण मास्तरकीची इतकी वर्षं फुकट गेलेली नाहीत. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, 'ती गुप्त आहे.' वर्गातलं निम्मं पोरगं उरलेला तास पॅनेल चाचपडत सरस्वती शोधत होतं.

मग आला महापूर. हा माझ्या पुस्तकाचा मानबिंदू. कोल्हापूर शहराचा नकाशा, शेजारी एक सरकपट्टी. पट्टी बोटानं वर सरकवली की पाण्याची पातळी फुटाफुटानं वाढायची आणि नकाशावर निळं पाणी चढायचं. भाच्यानं हे तयार करून दिलं होतं, मी फक्त खाली नकाशा डकवला होता. जुलै-ऑगस्टात आपल्याकडं 'जेवलास का' असं कुणी विचारत नाही, 'किती फूट?' असं विचारतात. तेव्हा हे पान मुलं डोक्यावर घेणार अशी माझी खात्री होती. पट्टी 39 वर गेली. पाणी चढलं. पण ते नकाशाच्या खालच्या कडेकडून वर चढलं, आणि नकाशाच्या खाली असते दक्षिण. म्हणजे सगळ्यात आधी कळंबा बुडालं. 43 ला संभाजीनगर गेलं. पाणी उपनगरं गिळत, चढ चढून महाद्वार रोडवर आलं, आणि वर वायव्येला पंचगंगा घाट ठणठणीत कोरडा!

वर्ग क्षणभर गप्प. मग शुक्रवार पेठेतलं एक पोरगं ताडकन उठलं. 'सर, आमच्यात पाणीच आलं न्हाई की!' त्याच्या आवाजात असा काही अपमान होता, की मी माफी मागायच्या बेतात आलो. 'आमच्यात पहिलं येतंय सर, आणि ह्येंच्यात काय येतंय? ह्येनी कधी बघितलाय तरी का पूर?' हे म्हणजे संभाजीनगरातलं एक पोरगं, जे जन्मात पहिल्यांदा पूरग्रस्त झाल्यानं छाती काढून बसलं होतं. सुतारवाड्यातल्या मुलीनं शांतपणे सांगितलं, की सर, आमचं घर बुडाल्याशिवाय कोल्हापूरला पूर आला असं कुणी म्हणत न्हाई. भांडण पेटलं. कुणाचं घर आधी बुडतं यावरून बाकं वाजायला लागली. शेजारच्या वर्गातून गणिताच्या बाई धावत आल्या, त्यांनी पॅनेलकडं पाहिलं आणि दारातूनच म्हणाल्या, 'अगंबाई, आमचं कळंबं!'

इथं पुस्तक गुंडाळून 'सुस्वागतम्' लावून ठेवणं हेच शहाणपणाचं होतं. मी भाच्याला तसं म्हणालोही. पण त्यानं नवीनच काढलं, की मामा, प्रत्येक गल्लीचा वेगळा तुकडा करू, तुम्ही फक्त मला कुठल्या गल्लीत किती फुटांना पाणी येतं त्याचा तक्ता द्या. मी म्हटलं, हा तक्ता मी आणू कुठून? तर म्हणाला, 'ज्यांनी बोंब मारली त्यांच्याकडून.'

मी फळ्यावर लिहून टाकलं आणि विसरलो. मुलं विसरली नाहीत. ज्या पोरांना निबंध आणा म्हटलं की वही सापडत नाही, ती पोरं आज्यांना, घरमालकांना, चौकातल्या पानवाल्यांना गाठून आकडे आणायला लागली. 2005 चं पाणी कुणाला आठवतं, 2019 चं कुठल्या पायरीवर थांबलं, 2021 ला शटरच्या कुठल्या पट्टीपर्यंत आलं. एका गल्लीतल्या दोघांचे आकडे जुळेनात, तर ती दोघं शिवणकामाची टेप घेऊन दुकानांच्या भिंती मोजत फिरली, आणि पाणी मोजायचं असेल तर जमिनीचा उतारही मोजावा लागतो हा शोध त्यांचा त्यांनी लावून आली. मी तो धडा जानेवारीत घेणार होतो. एका मुलीच्या वहीत नुसती एक रेघ आणि त्यापुढं एवढंच होतं, 'देवघर, दुसरा खण, 2021. गाळ अजून आहे. आजी पुसू देत नाही.' मी ती वही बराच वेळ परत केली नाही. मुलीला वाटलं, मी अक्षर बघतोय.

तुम्ही म्हणाल, या सगळ्यात मी काय केलं? मी तक्ता भरला. दोन आकडे उलटसुलट भरले, तेवढंच.

उलटसुलट भरलेले आकडे दुसऱ्याच दिवशी पॅनेलवर आपोआप सुलट झालेले दिसले. मी मनात म्हटलं, भाचा हुशार आहे. पण भाचा त्या आठवड्यात गोव्याला होता. चौकशी करता मागच्या बाकावरचा, काकाच्या मोबाईलदुरुस्तीच्या दुकानात संध्याकाळी बसणारा एक पोरगा जागचा उठला आणि खाली मान घालून म्हणाला, 'सर, तुमची झिप उघडी होती.'

मी आधी खाली पाहिलं.

'पुस्तकाची, सर.' ईपब म्हणजे म्हणे एक झिप फाईलच असते. नावाचं शेपूट बदलून 'झिप' लिहिलं की गाठोडं सुटतं आणि आतली पानं, चित्रं, आवाज सगळं वेगवेगळं हाताला लागतं. हवं ते दुरुस्त करायचं आणि पुन्हा बांधून ठेवायचं. पुस्तक पॅनेलवर उघडंच पडलेलं, आणि पॅनेलचा पासवर्ड मी विसरू नये म्हणून पॅनेलवरच चिकटवलेला. मग मधल्या सुट्टीत या टोळीनं माझ्या पुस्तकाची संपूर्ण डागडुजी केली होती. दरवाजे उघडत होते. चिखलीची वेलांटी मात्र मुद्दाम तशीच ठेवली होती. (हे चख्याला अजून माहीत नाही, तुम्ही सांगू नका.) एवढंच नव्हे, तर 'लेखक' म्हणून माझं नाव होतं त्याच्याखाली 'शुद्धलेखन तपासणी : सातवी ब' अशी ओळ आली होती. शुद्धलेखनाची 'शु' ऱ्हस्व की दीर्घ हे ज्या वर्गाला मी जूनपासून सांगतोय, त्यांनी ती बरोबर लिहिली होती. मी रागावायला तोंड उघडलं आणि मिटलं.

कोल्हापूर संस्थानात 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. मधल्या सुट्टीत डबा न खाता वर्गात घुसणाऱ्या पोरांना बाहेर काढायला किती दंड ठेवावा, याची तरतूद मात्र मला कुठं सापडली नाही. मुख्याध्यापक खूश होते. त्यांनी वरपर्यंत कळवलं.

वरून एक साहेब आले. मी नवा शर्ट घातला होता, मुलांना 'विचारल्याशिवाय बोलायचं नाही' अशी तंबी दिली होती, आणि शिट्ट्यांबद्दल विचारलं तर 'तो धरणाच्या भोंग्याचा प्रसंगानुरूप आवाज आहे' असं उत्तरही तयार ठेवलं होतं. साहेबांना कामाची घाई दिसत होती. खुर्चीत बसता बसताच त्यांनी घड्याळ पाहिलं. मी थेट महापुराचं पान लावलं.

साहेबांनी बोटानं पट्टी जरा वर सरकवली. आधी सुतारवाडा निळा झाला, मग शुक्रवार पेठेतल्या गल्ल्या, एकेक, आपापल्या क्रमानं. साहेब पुढं सरकले. चष्मा काढून पुसला. 'नागाळा पार्क दिसतं का यात?' त्यांनी हळूच विचारलं. मुलीनं दाखवलं. साहेबांनी पट्टी आणखी वर नेली, थांबवली, एक फूट खाली घेतली. 'इथं आमचं घर,' ते म्हणाले, 'एकवीसला स्कूटर गेली माझी. फाटकापर्यंत पाणी आल्यावर काढतो म्हणालो होतो.' 'मग काढली न्हाई?' शुक्रवार पेठेनं विचारलं. 'झोप लागली रे.' वर्गानं जाणकारासारखा हळहळलेला आवाज काढला. चहा आला, त्यावर साय धरली, शिपाई दोनदा डोकावून गेला, आणि साहेब पट्टी वरखाली करत पोरांशी आकड्यांवरून हुज्जत घालत बसले. तुमचा आकडा चुकलाय म्हणाले, तर सुतारवाड्यानं वही काढून दाखवली.

अखेर त्यांना आपण साहेब असल्याची आठवण झाली. पाठ ताठ करून त्यांनी विचारलं, 'बरं, पंचगंगेच्या पाच नद्या कोणत्या?' चार नावं खणखणीत आली. 'आणि पाचवी?'

'गुप्त!' सगळा वर्ग.

'गुप्त म्हणजे पुस्तकात नाही?' साहेब माझ्याकडं बघत म्हणाले. मी तोच गंभीर चेहरा करायला घेतला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा तो मोबाईलवाला पोरगा पुढं आला, माझ्याकडं न बघता त्यानं संगमाच्या चित्रावर, चखिलीच्या वेलांटीवर बोट ठेवलं आणि ते तसंच दाबून धरलं. फोल्डरमध्ये मी बाजूला ठेवलेला तो तुकडा पॅनेलच्या दोन्ही भोंग्यांतून, मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाजला.

'अहो, तीन झाल्या! गॅस बंद करा की!'

'हो, हो, केला!' साहेब खुर्चीतून अर्धे उठले.